कॅसेटमधला संकासूर

कॅसेटच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 'संपूर्ण' असं छापलेलं होतं, आणि मथुरेला पहिला संशय तिथेच आला. गवळी न विचारता 'दुधात पाणी नाही हो' म्हणायला लागला की काय समजायचं, हे तिला बासष्ट वर्षांत चांगलं कळलं होतं.

"गमतीचं गलबत," राहीनं खोका उलटसुलट करत वाचलं. "निवडक आणि संपूर्ण."

"दोन्ही कसं असेल गो? निवडलेलं असेल तर संपूर्ण नाही, आणि संपूर्ण असेल तर निवडलं काय?"

सुनेनं कॅसेट व्हीसीआरच्या तोंडात सारली. शिवा, मथुरेचा मुलगा, बोटीवर होता. गेल्या खेपेला त्यानं परदेशातून हे यंत्र आणलं होतं, आणि रत्नागिरीच्या मांडवीतल्या त्या दोन खोल्यांत देवघराखालोखाल त्याचा मान होता.

'गमतीचं गलबत' हा कार्यक्रम अकरा वर्षांपूर्वी मुंबईच्या टीव्हीवर दर गुरुवारी लागायचा. नकला, गाणी, छोटी नाटुकली, असलं सगळं एकत्र. रत्नागिरीत तेव्हा कुणाकडे टीव्ही नव्हता. पण शहात्तर साली एका गुरुवारी त्या गलबतात पूर्णगडचं शिमग्यातलं नमन चढलं होतं. मृदंग, टाळकऱ्यांची रांग, गवळणी, आणि मध्ये संकासूर: अंगभर काळा झगा, डोक्यापासून गळ्यापर्यंत झाकणारं उंच टोकदार तोंडवटं, त्याला पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. हा संकासूर म्हणजे मथुरेचा नवरा, हरिश्चंद्र. परळच्या गिरणीत कामाला असला तरी शिमग्याला रजा काढून गावी यायचा, आणि वीस वर्षं पूर्णगडचा संकासूर दुसऱ्या कुणी घेतला नव्हता.

त्याला जाऊन सात वर्षं झाली. त्याचा फोटो एकच, गिरणीच्या ओळखपत्रावरचा, कान बाहेर आलेले, चोर पकडून उभा केल्यासारखा. त्यामुळे रामआळीतल्या भिकाजीच्या व्हिडिओ लायब्ररीत गलबताची कॅसेट आली म्हणताच मथुरेनं दिवाळीपासून त्याच्याकडे चार खेपा घातल्या. कॅसेटवर नवऱ्याचं तोंड दिसणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिला त्याची चाल हवी होती. हरिश्चंद्राचा संकासूर एका जागी ठरत नसे. तो खळं आडवंतिडवं कापत जायचा, पोरं किंचाळत पळायची, म्हाताऱ्या पाय आखडून घ्यायच्या. ते एकदा डोळे भरून बघायचं, मग मरण आलं तरी चालेल, असं ती राहीला म्हणाली होती.

"आधी बघा तर," राही म्हणाली होती.

दुपारी दोनला, भांडी घासून झाल्यावर, दोघी बघायला बसल्या.

सुरुवातीला गलबताचा तांडेल शिट्टी वाजवून 'चढा रे चढा' म्हणायचा, तेच नव्हतं. हे गलबत मथुरेनं तेव्हा परळला नवऱ्याकडे असताना बघितलं होतं; तिनं बोटावर मोजलं. एका कोटात दोन माणसं शिरून चालायची, ते अर्ध्यावरच तुटलं. भाजीवाल्याची नक्कल आली, पण तिच्यावर खालून दंतमंजनाची जाहिरात सरकत राहिली. आणि हसू. माणसं जिथे हसायला नको तिथे हसत होती.

"ऐक," मथुरा म्हणाली. "ही बाई तिसऱ्यांदा हसली."

"कुठली बाई?"

"हसताना शेवटी हिला ठसका लागतो. एकच बाई आहे. हिला डबीत भरून ठेवलीय आणि लागेल तशी काढतायत."

मग नमन आलं. मृदंग दिसत होता, ऐकू येत नव्हता. त्याच्या जागी कसल्या तरी बटणांच्या पेटीचं टुंगटुंग संगीत लावलं होतं. गवळणी आल्या न आल्या तोच संकासूर आला. जागच्या जागी गिरकी घेतली, परत एक घेतली, पुन्हा एक, आणि पडद्यावर जादूगार उभा राहिला. सगळं मिळून दीड मिनिट.

"झालं?" राहीनं विचारलं.

मथुरा पुढे वाकली.

"आई, तुम्ही तर म्हणायचात मामंजी अर्धा तास नाचले."

"बारा मिनिटं. अर्धा तास मी कधी म्हटलं? अर्धा तास तुझा बाप म्हणाला असेल, त्याला सगळं वाढवून सांगायची खोड." ती पडद्याकडेच बघत होती. "आणि हे कोण आहे? हा तो नव्हे."

"तोंड तर झाकलेलं. कशावरून म्हणता?"

"जात्यासारखा एका जागी फिरला. तुझा सासरा एवढ्यात रस्ता ओलांडून पलीकडे गेला असता. कुणीतरी काहीतरी केलंय."

दुसऱ्या दिवशी ती भिकाजीच्या दुकानात गेली आणि कॅसेट काचेवर ठेवून तिच्यावर हाताचा पंजा दाबून उभी राहिली.

"भिकाजी, यातलं नमन तू पुसलंस?"

"मी कशाला पुसू, मावशी?"

"गेल्या वर्षी तुझ्या पौराणिक कॅसेटीत मध्येच क्रिकेट लागलं होतं. ते आपोआप आलं?"

भिकाजी ओशाळला. "ती घरातल्यांची चूक. ही कंपनीची कॅसेट आहे, मावशी. हे बघा, मागची कड. इथली ही पातळ पट्टी तोडलेली असते, मग त्यावर मला भरायचं म्हटलं तरी भरता येत नाही. कापलंय ते कंपनीनं. तुमच्या आधी तिघं येऊन मला शिव्या घालून गेले. नाईक मास्तर तर म्हणाले, गलबत आणलंस की फुटकी होडी?"

"कंपनीला काय पडलंय पूर्णगडचं नमन कापायचं?"

"कापायला काय कारण लागतं? दोन तासांची कॅसेट, त्यात सगळं कोंबायचं."

"कापलं असेल. पण माणूस बदलला त्याचं काय?"

"माणूस कसा बदलतील, मावशी?"

"तेच मी शोधतेय," मथुरा म्हणाली आणि कॅसेट पुन्हा पिशवीत टाकून घेऊन आली.

त्या रात्री तिनं मनातल्या मनात तो गुरुवार पुन्हा उलगडला. शिमगा होऊन महिना झाला होता आणि ती परळला नवऱ्याकडे राहायला गेली होती. चाळीत टीव्ही एकच, दुसऱ्या मजल्यावर, आणि बघायला चाळीस माणसं. ती बाहेर गॅलरीत चवड्यांवर उभी होती. पुढच्यांच्या डोक्यांमधून काळं टोक दिसलं, पांढरी दाढी हलली, आणि अख्खी चाळ ओरडली, 'हरिश्चंद्र आला.' तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि उरलेलं सगळं पाण्यातच गेलं. चित्रीकरण आधीच झालेलं; तो स्वतः त्या संध्याकाळी दुसऱ्या पाळीला होता. पाळी त्यानं मुद्दाम बदलून घेतली होती. घरी आल्यावर तिनं ताट वाढताना विचारलं, एवढ्या दिव्यांत कसं वाटलं हो? तर तो म्हणाला, 'सोंगाखालच्या माणसाचं नाव काढू नये, आणि त्याला विचारूही नये.'

गावची रीतच ती. झगा चढला की आतला माणूस कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक असलं तरी कुणी बोलायचं नाही. नवऱ्याला रीतीचा केवढा अभिमान, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता अकरा वर्षांनी तिला वाटलं, मुद्दाम पाळी का बदलली असेल?

त्या नमनातला मृदंग दादूचा. दादू पूर्णगडातच होता. सकाळची एसटी धरून, भाट्याचा पूल ओलांडून, पावस गावी उतारू चढेपर्यंत उतावळी होत ती त्याच्या ओटीवर पोचली तेव्हा तो पाय पसरून फाटलेलं जाळं सांधत होता.

"वयनी? आज कुठे वाट चुकलात?"

"चुकले नाही. तुझ्याकडेच आले. गलबताची कॅसेट आलीय."

दादूचा हात थांबला. मग जरा जास्तच वेगानं चालायला लागला. "आली काय? बरं झालं. चाय घेणार ना?"

"त्यात संकासूर कोण आहे रे?"

"असं कसं विचारता, वयनी. सोंगाखालच्या..."

"ते मला नको शिकवूस. आणि तू मृदंगावर होतास ना? मृदंगावर दुसराच कोणी काळासावळा बसलेला दिसला."

"आता अकरा वर्षं झाली, कोण कुठे बसलेला काय सांगू? थांबा, चाय सांगतो." तो उठला. सगळी ओटी जाळ्यानं भरलेली, पाय टाकायला जागा नाही. दादूनं उजवी टाच रोवली, दुसरा पाय उचलून जागच्या जागी गरकन वळला आणि दाराकडे निघाला.

"दादू," मथुरा म्हणाली, "परत एकदा वळ."

तो दाराशी पाठमोरा उभा राहिला.

"परवापासून मी चार वेळा ही गिरकी बघितलीय. उजवी टाच, डावा पाय गुडघ्यापर्यंत. वळ परत."

दादू वळला नाही. तिथेच उंबऱ्यावर बसला आणि खांद्यावरच्या पंच्यानं उगाच तोंड पुसलं. "त्यांनी शपथ घातलेली, वयनी."

"तो गेला. शपथ कुणाला सांभाळतोस? बोल."

"तिथे टीव्हीवाल्यांकडे जमिनीवर खडूनं चौकोन आखलेला. हा एवढा, दोन सुपांएवढा. त्याच्या बाहेर गेलं की म्हणे चित्रात दिसत नाही. हरीदादाला चौकोन काय ठाऊक? दोनदा गेला बाहेर. तिसऱ्यांदा एका दिव्याच्या खांबावर आदळला. तिथला माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, याला बाजूला करा, दुसरा कोण आहे? दुसरा कोण असणार? मी बारीक, तर मला म्हणाले तू घाल. माझा मृदंग टाळकऱ्यांतल्या आप्पानं घेतला." त्यानं पंच्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "झगा हरीदादानंच मला बांधून दिला. घुंगरांचा पट्टासुद्धा. म्हणाले, गावात बोलू नको, आणि हिला तर नकोच."

आतून चहा आला, मथुरेनं तो बशीत ओतला आणि त्यावर फुंकर घातली.

"मग तो कुठे होता?" तिनं विचारलं.

"कोण?"

"माझा नवरा. तुम्ही नाचत होतात तेव्हा तो कुठे होता? बाहेर जाऊन बसला?"

"बाहेर कशाला? टाळकरी एक कमी पडत होता. मागच्या रांगेत बसले, टाळ घेऊन."

तिनं बशी तशीच खाली ठेवली. "तोंड उघडं ठेवून?"

"टाळकऱ्याला कुठलं तोंडवटं, वयनी?"

परतीची एसटी दीड तासानं होती. मथुरा थांब्यावर उभ्याउभ्याच राहिली, बसली नाही.

घरी पोचल्यावर चपला न काढताच ती राहीला म्हणाली, "लाव."

"परत?"

"नमनाशी आण. आणि आज संकासुराकडे बघू नकोस. मागची रांग बघ."

राहीनं कॅसेट पुढेमागे केली. टुंगटुंग सुरू झालं. गवळणी सरकल्या, संकासूर आला, आणि पहिल्या गिरकीला चित्र जरा डावीकडे हललं तेव्हा टाळकऱ्यांची रांग दिसली. पाच जण. संकासूर मध्ये आला, रांग झाकली गेली. दुसऱ्या गिरकीला पुन्हा दिसली.

"थांबव."

चित्र थरथरत थांबलं. मधून एक पांढरी रेघ वरखाली होत होती.

राही पडद्याजवळ सरकली. तिचं लग्न सासरा गेल्यानंतरचं. तिनं त्याला ओळखपत्रावरच काय ते बघितलं होतं. "आई," ती हळू म्हणाली, "हा कानवाला?"

"हा कानवाला."

डोक्याला घट्ट फडकं, त्याच्याबाहेर आलेले ते कान, ओठ किंचित उघडे. तो टाळांकडे बघत नव्हता. संकासुराच्या पायांकडे बघत होता, पोर पहिल्यांदा पोहायला उतरलं की काठावरचा बाप बघतो तसा.

"सोड आता. आवाज बंद कर."

राहीनं आवाज पार खाली नेला. ते टुंगटुंग गेलं, ठसका लागणारी बाई गेली. चित्र मुकाट चालू लागलं. मथुरेनं डाव्या मांडीवर थाप धरली, नमनाची, लहानपणापासून कानात बसलेली. रांगेतले चार जण त्या थापेवर टाळ वाजवत होते. पाचवा प्रत्येक वेळी जरासा मागे राहत होता.

"चुकतोय," ती म्हणाली. "जन्मभर सोंग घेतलेला माणूस, त्याला टाळ कुठून येणार?" आणि तिनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की काय, हे राहीला कळलं नाही, म्हणून तिनं न सांगताच कॅसेट पुन्हा मागे घेतली.

सातव्यांदा मागे घेतल्यावर राही म्हणाली, "आई, गावात सगळे म्हणतात संकासूर मामंजींनी केला. दादूकाकांचं नाव कुठेच नाही. आता काय सांगायचं?"

"दादूनं अकरा वर्षं काय सांगितलं?"

"काहीच नाही."

"मग?"

शनिवारी भिकाजी स्वतःच दारात आला. कॅसेटला आठवडा होऊन गेला होता आणि नाईक मास्तर शिव्या घालूनही ती पुन्हा मागत होते.

"मावशी, लागला का संकासुराचा शोध?"

मथुरा दारातच उभी राहिली, त्याला आत घेतलं नाही. "माझंच खरं निघालं. हा आमचा नव्हेच. कंपनीनं दुसराच कोणीतरी घातलाय."

"काय सांगता?" भिकाजी चकित झाला. "माणूस बदलण्यापर्यंत मजल गेली यांची? बघतो मी, लिहितोच त्यांना."

"लिही. चांगलं खरमरीत लिही."

"मग ती कॅसेट द्या. तुमच्या काय कामाची?"

मथुरेनं मागे वळून बघितलं. आत राहीनं चित्र थांबवून ठेवलं होतं.

"पुढच्या शनिवारी ये," ती म्हणाली. "अजून नीट तपासायची आहे."