दोघांत एक कवळी

मानवजातीच्या स्वातंत्र्यावर घाला पडला, तेव्हा कॅनडाने आपले सर्वांत धडधाकट तरुण समुद्रापार धाडले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडात दात नव्हते.

यात तरुणांचा दोष नव्हता. मंदीच्या वर्षांत ऑन्टॅरिओच्या खेड्यांत दुखरा दात भरण्यापेक्षा उपटून टाकणं स्वस्त पडे. फौजेत मात्र कवळी फुकट मिळे, आणि एल्डन हॅगर्टीच्या देशभक्तीत या कवळीचा वाटा इंग्लंडच्या राजाच्या वाट्याहून कमी नव्हता. ती घालूनच तो व्हर्नाला मागणी घालायला गेला. व्हर्नाचा बाप चीज बनवायचा. मागच्या महायुद्धात तो एक कान फ्रान्सच्या चिखलात ठेवून आला होता.

"दात छान आहेत," तो म्हणाला. "आता फ्रान्स बघून ये, मग बोलू."

एल्डन निघाला. अटलांटिकच्या मध्यावर बोट डोलली, एल्डन कठड्यावरून वाकला, आणि पोटातल्या जेवणामागोमाग कवळीही गेली.

नवी येते, येते म्हणता ऑल्डरशॉटच्या छावणीत हिवाळा सरला. घरी गोठलेल्या विहिरी फोडून गुरांना पाणी पाजणारी ही पोरं इंग्लंडच्या ओल्या गारठ्याला शिव्या देत ओव्हरकोटासकट झोपायला लागली. शत्रू म्हणून समोर आले ते फक्त उकडलेले इवले कोबी. सगळी पलटण त्यांच्यावर दातओठ खाई. एल्डनला तीही सोय नव्हती.

जूनमध्ये फ्रान्सला निघायचा हुकूम आला आणि सोबत एक अट. तिकडे शिधा म्हणजे फौजी बिस्किट. ज्याला ते फोडता येणार नाही, त्याने मागे राहून कोबी सोलायचे. डॉक्टरपुढे एकेकाने चावून दाखवायचं.

शेजारच्या खाटेवर विब स्प्रेग होता. एल्डनच्याच गावचा, आणि त्याची कवळी शाबूत होती.

"विब, तुझे दात दे."

"लेका, ही काय कुदळ आहे उसनी द्यायला?"

"आधी तू चाव. मी तुझ्या मागेच उभा राहतो. लग्न अडलंय रे माझं!"

"आणि मधे धुणार कोण?"

"धुवायला वेळ कुठाय?"

विबने खिशातला रुमाल चाचपला. "व्हर्नाला यातलं काही सांगू नकोस," तो शेवटी म्हणाला. "माझ्या बायकोला तर नकोच नको."

रांगेत विबने बिस्किट कटकन फोडलं, रुमालात शिंकला आणि रुमाल पाठीमागे सरकवला. एल्डनने खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि ऐवज तोंडात बसवला. तो ढगळ होता, पण बिस्किट फुटलं.

डॉक्टरने मान वर केली. "हा टवका उडालेला दात मी आत्ताच पाहिला."

एल्डनने तोंड उघडलं असतं तर कवळी डॉक्टरच्या टेबलावर पडली असती. विबकडे तर बोलायला साधनच नव्हतं. सार्जंट डफी भिंतीला टेकून सगळं बघत होता.

"दोघं एकाच गावचे, साहेब," तो म्हणाला. "हॉकीत उडाले टवके."

"कवळी घालून हॉकी?"

"गोलकीपर आहेत, साहेब."

"दोघंही?"

"आळीपाळीने, साहेब."

डॉक्टर हॉकीवेड्या मॉन्ट्रियालचा होता. हॉकीपुढे त्याने आणखी काही विचारलं नाही. "पुढचा," तो म्हणाला.

ब्रेस्ट बंदरावर बायांनी गुलाब फेकले, सफरचंदाच्या दारूच्या बाटल्या दिल्या. बोटीतून उतरवून पोरांना थेट आगगाडीत कोंबलं. गाडी रात्रभर फ्रान्सच्या पोटात घुसत गेली. सकाळी एका स्टेशनात एक घामाघूम इंग्रज अधिकारी धावत आला आणि म्हणाला, पॅरिस पडलं, तुम्ही इथे काय करताय? इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावलं, आणि गाडी आल्या वाटेने परत निघाली. बंदुकीतून गोळी सुटली नाही. बिस्किटाची पेटीसुद्धा कुणी फोडली नाही.

इंग्लंडला परतल्यावर एल्डनने पहिलं काम केलं ते म्हणजे व्हर्नाच्या बापाला कळवलं: फ्रान्स बघून आलो.

ऑगस्टमध्ये नवी कवळी आली, आणि त्याच आठवड्यात म्हाताऱ्याचं उत्तर. "पेपरात वाचलं. गाडीच्या कुठल्या बाजूच्या खिडकीतून बघितलास?"

एल्डनला मधली जागा मिळाली होती.