वाटीत निघालेले जंत

वीटभट्टीवर त्या सकाळी एकही वीट थापली जात नव्हती. सगळे कामगार माना उंचावून वाटीबाबाचा चमत्कार बघत होते. बाबाने एका माणसाच्या बेंबीभोवती कणकेचं कडं लावलं, त्यावर पितळी वाटी पालथी घातली, डोळे गरागरा फिरवले आणि गरजला, "नीघ, रक्तपिपासू, नीघ!" वाटी उचलली, तर आत दोन वळवळते जंत! लोकांनी पटापट हात जोडले. बेंबीला साधं भोकही पडलं नव्हतं, पण असल्या किरकोळ शंका विचारायच्या नसतात.

मी दवाखान्यात रक्त तपासते. इथे आले होते वहिनीसाठी. दादा भट्टीचा मुकादम, वहिनी विटा थापणारी. तिला पाचवा महिना, नखं पांढरीफटक, चार विटा उचलल्या की धाप. रक्तातलं हिमोग्लोबिन अकरा हवं तिथे सहा! आणि बाबाचा हुकूम असा, की डॉक्टरांच्या जंताच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या बंद. "गोळीने जंत चवताळतात, बाळा. रोज भट्टीमागच्या ओल्या मातीत अनवाणी उभी राहा. माती रोग ओढून घेईल."

भट्टीमागे! जिथे सगळी वस्ती पहाटे टमरेल घेऊन जाते!

"दादा, डोकं गहाण ठेवलंस का रे?"

"तुझ्या काचेखाली दिसतं ते खरं, आणि आमच्या डोळ्यांना दिसतं ते खोटं होय?"

वहिनीची पाळी आली. बाबाने कणकेचं कडं उचललं, तोच मी ते हिसकावलं.

"अगं, मंत्र मोडेल!" बाबा ओरडला.

"मोडू दे." मी ते मधोमध तोडलं. आतून दोन धडधाकट गांडुळं बाहेर आली. वहिनी अजून आडवीसुद्धा झाली नव्हती.

"बाबा, पोटाआधीच जंत निघाले की हो! फारच तयारीचे दिसतात."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबाने माझ्या वाईट नजरेला दोष देत चंबूगबाळं आवरलं.

मग मी सांगितलं. रक्त पिणारा खरा जंत बोटाच्या अर्ध्या पेराएवढा, दोऱ्यासारखा. त्याची अंडी शौचातून ओल्या मातीत पडतात. अंड्यांतल्या अळ्या उघड्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येतात आणि आपण त्या गिळतो. आतड्याला चिकटून त्या मोठ्या होतात आणि रक्त पितात. ओल्या विटांवर ठसे नकोत म्हणून तुम्ही चपला काढता, आणि तशाच पायांनी भट्टीमागे जाता. बाबाने वहिनीला रोज तिथेच उभं केलं होतं.

दादाचा चेहरा उतरला. "मीच तिचा हात धरून नेत होतो गं," एवढंच तो म्हणाला.

वहिनीने विचारलं, "ताई, वाटीत निदान काहीतरी दिसायचं. गोळ्यांनी काय दिसणार?"

"डॉक्टरांनी दिल्यात तशा घे. महिन्याने तुझं रक्त पुन्हा तपासू. आकडा वाढला नाही, तर सगळ्यांसमोर मला खोटी ठरव."

तिने पाणी मागवलं आणि गोळी घेतली.

चमत्कार करणारा भेटला, तर पाया पडण्याआधी त्याला एवढंच विचारा: पुन्हा तपासायचं कधी, आणि खोटे ठरलात तर काय? उत्तर न देता तो चिडला, तर दवाखान्याची वाट धरा.