फोटो नसलेलं लग्न

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आजूबाजूची गावं सुटलो म्हणून सुस्कारा टाकतील, आणि एवढं पुण्य मला त्यांच्या पदरात घालायचं नाही. बोरगावच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे.

या गावात भुजबली अण्णांच्या सोप्यावर रोज सकाळी दहावीचं गणित चालायचं. शिकवणारा अण्णांचा मुलगा वीरेंद्र, निपाणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. शिकणारी शेजारच्या महादेवची तेजस्वी. पोरगी हुशार, पण वजाबाकीत हटकून चुकायची, आणि चूक दाखवली की पेन बरोबर चालत नाही म्हणायची. वीरेंद्र तिला चिडवायचा, पेन बदल न्हायतर डोस्कं बदल. आत अण्णांची बायको लक्ष्मीबाई भाकरी थापता थापता हसायची. मग कुंपणापलीकडनं तेजस्वीची आई जयाबाई हाक मारायची की शाळेची गाडी आली, आणि पोरगी दप्तर उचलून पळायची.

त्या दिवाळीला जयाबाईचा धाकटा भाऊ नागेंद्र बेळगावहून आला. कंपनीत नोकरी, सांबऱ्याला भाड्याची खोली, वय तिशीच्या पुढं. मुली बघून बघून थकलेला. कुणाला पुण्याचा नवरा पाहिजे होता, कुणाला याच्यापेक्षा शिकलेला. आमच्या सीमाभागात अशा वेळी एक दार कायम उघडं असतं, ते बहिणीचं. भाचीवर मामाचा पहिला हक्क, म्हणतात. हक्क म्हणे! पोरगी म्हणजे काय बांधावरचं झाड आहे? जयाबाईच्या म्हाताऱ्या आईनं अंथरुणावरनं शपथ घातली. पोरगी घरातल्या घरात राहील म्हणून महादेवनं मान डोलावली. तेजस्वीला पंधरावं सरत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मोठ्यानं कुणी म्हटलं नाही. जयाबाईनंही नाही. तिचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं, आणि त्यानं काही ती मेली नव्हती.

अडचण एकच होती, आणि ती पोरीच्या वयाची नव्हती. आदल्या वर्षी शेजारच्या गावात असंच एक लग्न निघालं होतं. कुणा करवलीनं हळदीचा फोटो स्टेटसला ठेवला, तो कुणाच्या तरी शिक्षिकेनं बघितला, आणि अक्षता पडायच्या आत बालकल्याणचे अधिकारी पोलीस घेऊन मांडवात हजर. नवरदेव बाशिंगासकट आत गेला आणि पोरगी पुन्हा शाळेत गेली. मोबाईलनं केलेलं हे एक सोन्यासारखं काम. पण आपले लोक काय कमी? त्या प्रकरणावरनं गाव शहाणं झालं. लहान पोरींची लग्नं थांबवायची हे शहाणपण नव्हे, मोबाईल थांबवायचे हे शहाणपण.

ही युक्ती भुजबली अण्णांची. अण्णा डेअरीचे चेअरमन, पंचक्रोशीत शब्दाला मान. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसांच्या गोष्टी वाचून आपण निवांत झोपतो. शेजाऱ्याचं कार्य निर्विघ्न पार पडावं, एवढाच त्यांचा हेतू. पत्रिका छापली नाही, फोटोग्राफर सांगितला नाही, सत्यनारायणाची पूजा आहे म्हणून तोंडी आवतण फिरलं. लग्नादिवशी मळ्यातल्या मांडवाच्या तोंडाशी अण्णा स्वतः बाजाराची मोठी पिशवी घेऊन उभे राहिले. येईल त्याचा मोबाईल घ्यायचा, पिशवीत टाकायचा आणि हसत म्हणायचं, "चप्पल भाईर, मोबाईल पिशवीत, मग जेवान." पोरं कुरकुरली, पण अण्णांपुढं कोण बोलणार? स्वतःच्या मुलाला मात्र अण्णांनी त्या दिवशी डेअरीच्या कामाचं निमित्त काढून संकेश्वरला पाठवलं होतं. तो गप्प बसणार नाही, हे बाप ओळखून होता.

तीनशे पानं उठली. तेजस्वी हळदीच्या अंगानं आईला म्हणत होती की मला नगं, मला परीक्षेला बसायचं हाय. जयाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली.

दहावी होईपर्यंत पोरीला माहेरीच ठेवायची, असं ठरलं होतं. मंगळसूत्र काढून पेटीत गेलं आणि तेजस्वी पुन्हा शाळेला जाऊ लागली. वीरेंद्रला तिनंच सगळं सांगितलं. तो बापावर इतका भडकला की दोन दिवस घरात जेवला नाही, टीचरना सांगतो म्हणाला. अण्णांनी त्याला समजावलं, मग दटावलं, आणि शेवटी आईची शपथ घालून वदवून घेतलं की या लग्नाचा एक शब्द तोंडातनं काढणार नाही आणि मोबाईलवर तर एक अक्षर लिहिणार नाही. लिहिलं की पुरावा होतो, म्हणाले. पोरानं बापाचा शब्द पाळला. न पाळता तर बरं झालं असतं.

संक्रांत झाली तसा नागेंद्रचा धीर सुटला. खोलीवर जेवणाचे हाल होतात, बायको असून हातानं भांडी घासतो, असे त्याचे फोनवर फोन. महादेवनं पोरीची शाळा आणि सोप्यावरची शिकवणी बंद केली, विचारायला आलेल्या वीरेंद्रला दारातनंच परत लावलं आणि तिच्या हातातला मोबाईल काढून कपाटात ठेवला. इकडं वीरेंद्रला काही कळेना. तो इन्स्टाग्रामवर मेसेज पाठवत राहिला. शाळेला का गेली नाहीस. परीक्षा बुडवू नको. उत्तर दे. घरी येऊन बोलू काय. मी सोडणार न्हाय, तुला परीक्षेला बसवणार म्हणजे बसवणार. एका दुपारी महादेवनं कपाट उघडलं, मोबाईलवर ही रांग बघितली, त्याचं डोकं फिरलं, आणि पोरीच्या मोबाईलवरनं त्यानं वीरेंद्रला ब्लॉक करून टाकलं.

नागेंद्र रविवारी न्यायला येणार होता. शनिवारी सकाळी तेजस्वी मळ्यातल्या विहिरीवर गेली, ती परत आली नाही.

आता तपास. पूर्वीचा फौजदार गावात आला की पारावर बसायचा, चार घरचा चहा प्यायचा, आणि चहा पिता पिता कुणाच्या घरात काय शिजलं ते त्याला कळायचं. आता तपास खाली मान घालून होतो. यल्लाप्पा फौजदारांनी पहिल्यांदा मागितला तो पोरीचा मोबाईल. तेही काय करणार? चितेची राख थंड व्हायच्या आधीच गावच्या प्रत्येक स्टेटसवर तेजस्वीचा फोटो आणि खाली मेणबत्ती लागली होती, न्याय द्या, न्याय द्या. लग्नात जिचा एक फोटो निघाला नाही, तिचे मेल्यावर शेकड्यांनी फोटो फिरले. वरनं साहेबांचे फोन येऊ लागले की आरोपी कुठं आहे.

मोबाईलमध्ये आरोपी तयारच होता. एका पोराचे मेसेजवर मेसेज, मुलीचं एकही उत्तर नाही, आणि शेवटी मुलीनं त्याला ब्लॉक केलेलं. घरी येतो, सोडणार नाही, असंही लिहिलेलं. फौजदारांनी महादेवला विचारलं की हा मुलगा त्रास देत होता का. महादेवपुढं दोनच वाटा होत्या. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग पोरीनं जीव का दिला? तो व्हय म्हणाला. वीरेंद्रला कॉलेजच्या दारातनं उचललं.

भुजबली अण्णा ठाण्यात धावले. लग्न झालंय, मामाशी झालंय, मी स्वतः हजर होतो, सगळं सांगून टाकलं. फौजदारांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, एखादा फोटो? व्हिडिओ? कुणाचं स्टेटस? आरोपीच्या बापाचा नुसता शब्द कोर्टात कोण धरेल?

मग अण्णा दारोदार हिंडले. ज्या हातानं पिशवी धरली होती तो हात पसरून एक फोटो मागत फिरले. कुणीतरी चोरून काढलाच असेल, एवढी तीनशे माणसं होती. डेअरीतला भरमू म्हणाला, अण्णा, तुमीच तर घेतलासा की मोबाईल. हे तो कुत्सितपणानं म्हणाला नाही, खरं तेच म्हणाला. फोटो जाऊ दे, निदान साक्ष दे म्हटल्यावर मात्र त्यानं धारेची वेळ झाली म्हणून सांगितलं. लग्नाला गेलो म्हटलं की आपणही गुन्ह्यात, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. ज्यानं मंगलाष्टकं म्हटली त्या भटजीला तर त्या दिवशी सत्यनारायणच आठवत होता.

आणि जयाबाई? ती माजघरात पडून होती. भाऊ जेलात जाईल की शेजारणीचं पोर, असा तिचा प्रश्न होता, आणि आधीच एक लेकरू गेलेल्या बाईला तो सुटत नव्हता. सोप्यावरच्या पोरानं काही केलेलं नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण नागेंद्रला तिनं कडेवर खेळवला होता.

तेराव्या दिवशी जावेनं तिला मोबाईलवर काहीतरी दाखवलं. नागेंद्रचं स्टेटस होतं. तेजस्वीचा शाळेच्या ड्रेसमधला फोटो, आणि खाली लिहिलेलं, माझ्या लाडक्या भाचीला न्याय मिळालाच पाहिजे, नराधमाला फाशी द्या. जयाबाईनं ते जावेकडनं दोनदा वाचून घेतलं. भाची. जिच्या गळ्यात याच भावानं मणी बांधले ती आज पुन्हा भाची झाली होती. जयाबाई उठली, पेटीतलं मंगळसूत्र कनवटीला लावलं आणि कुणाला न सांगता एस.टी.त बसली.

फौजदारांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांची मराठी कानडी वळणाची, पण बोलणं मऊ होतं. मंगळसूत्र बघून ते म्हणाले की असं मंगळसूत्र प्रत्येक घरात असतं. मग तोच प्रश्न विचारला, लग्नाचा एखादा फोटो आहे का?

"न्हाय."

"मग मी काय लिहू, बाई?"

"मी आई हाय, आसं लिवा," जयाबाई म्हणाली. "ह्या हातानं तिला हळद लावलीया. ती नगं नगं म्हनत हुती, तवा मीच तिचं तोंड दाबलंतं. त्या पोरानं काय बी केल्यालं न्हाय, सायेब. आमी केलंय. मला आत घाला, माज्या भावाला घाला, पर त्येला सोडा."

यल्लाप्पा फौजदारांनी कोरा कागद पुढं ओढला. त्यांनाही घरी मुलगी होती. त्यांनी जबाब शब्दन् शब्द लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गावात आले. या वेळी पारावर बसले, माणसं बोलावली, एकेकाला विचारलं. महादेव म्हणाला, पोरगी गेल्यापास्नं हिचं डोकं जाग्यावर न्हाय. मंगळसूत्र हिचंच जुनं हाय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्या ताटात तिनं स्वतः जिलेबी वाढली होती त्या माणसांनी डोळे पुसत सांगितलं की बिचारीला वेड लागलंय. नागेंद्रचं स्टेटस तोवर गायब झालं होतं.

जबाब फाईलला लागला, इतकंच. त्याच्या वर वीरेंद्रच्या मेसेजची पानंच्या पानं लागली होती, तारीख आणि वेळेसकट, आणि ती साक्षीदारासारखी कधी फिरत नाहीत. जामीन दोनदा नाकारला गेला. कॉलेजनं नाव काढलं. अण्णांनी चेअरमनपद सोडलं, म्हणजे लोकांनी सोडायला लावलं.

महादेवनं जयाबाईला घरात घेतलं नाही. म्हातारी आई तिचं तोंड बघत नाही. लक्ष्मीबाईनं तिला आपल्या सोप्यात जागा दिली, दोन वेळचं जेवण देते, पण तिच्याशी बोलत नाही. का बोलावं? जयाबाईही बोल म्हणत नाही. ती शेणगोठा करते, भांडी घासते, आणि तारीख असली की अण्णांच्या मागोमाग कोर्टाला निघते.

परवाच्या तारखेला मी तिथं होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब बाक आहे. एका टोकाला अण्णा बसले होते, दुसऱ्या टोकाला पदर घट्ट धरून जयाबाई. वीरेंद्रला पोलिसांनी समोरनं नेलं. तो आईला शोधत होता, पण लक्ष्मीबाईला ते बघवत नाही म्हणून ती येत नाही. त्यानं जयाबाईकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी जयाबाईला विचारलं, तुमचं कुणी ऐकत नाही, मग दर वेळी कशाला येता?

"कुनी तरी आजून येईल," ती म्हणाली. "माज्या एकटीचं खरं धरत न्हाईत. दोगं-तिगं आलं तर धरतील की."

त्या बाकावर दोघांच्या मध्ये चार माणसं सहज बसतील. मांडवात तीनशे जेवली होती. पुढची तारीख पडली तरी गावातनं अजून कुणीही आलेलं नाही.