भिंतीवरच्या रजया

राजरत्नाने आधी सोफा ओढून खोलीच्या मधोमध आणला, मग घरातल्या झाडून सगळ्या रजया भिंतींवर टांगल्या. प्रभावतीबाईंना हे काडीचंही पटलं नव्हतं. थंडी संपली की रजया पेटीत जातात, भिंतीवर नाही. आणि सोफा काही मांडवातला नवरदेव नव्हे, चारी बाजूंनी बघायला.

हे सगळं त्या दोन स्पीकरांपायी. माणसाएवढे उंच, पाटासारखे चपटे, पुढून-मागून जाळी. आत म्हणे केसाहून पातळ पडदा असतो, तो विजेवर थरथरतो आणि गातो. जवाहर नगरची धूळ त्या जाळीवर अशी चिकटायची की बाई पदर खोचून फडकं घ्यायच्या, आणि लेक ओरडायचा, "आई, हात नको लावूस! करंट आहे!"

आता तर तो ते विकायलाच निघाला होता. सिविल लाइन्सचे कोणी साहेब संध्याकाळी बघायला येणार होते.

"का रे, बिघडले?"

"बिघडले नाहीत. ब्राइट वाजतात."

"म्हंजे?"

"उजळ. मतलब, वरचे सूर टोचतात. रजया लावल्या तरी झांज कानात टाचणीसारखी घुसते."

"झांज आहे ती. गुदगुल्या करेल का?"

बाईंची शाळा दुसरीत सुटली होती, पण दहा माठ बोटाच्या पेराने वाजवून त्यातला पक्का भाजलेला एक उचलताना त्या कधी चुकल्या नव्हत्या. खणखणीत वाजणं हा दोष असतो, हे त्यांनी आजच ऐकलं.

"सुरुची, काढ गं त्या रजया," त्यांनी सुनेला फर्मावलं. "आणि आपलं भुसावळचं लाव."

भुसावळचं म्हणजे रेल्वे कॉलनीतल्या विहारात, बाबासाहेबांच्या जयंतीला भरलेली जुनी कॅसेट. सुरुचीने ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. पुढे प्रभावतीबाईंचा आवाज, मागे पंधरा माणसांचा कोरस. बाईंचे यजमान भगवानराव, मालगाडीवरचे गार्ड, जन्मभर सांगत आले की त्या कोरसात मीही गायलो. बाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "गायले कुठले! नुसते ओठ हलवत होते." हा वाद तसाच टाकून चार वर्षांपूर्वी भगवानराव गेले.

रजया उतरल्या आणि गाणं सुरू झालं. ढोलकीवर पडलेलं एकेक बोट मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. स्वतःचा पंचविशीतला आवाज ऐकून बाईंची मान आपोआप ताठ झाली. मग कोरस उठला. एरवी त्याचा नुसता गलका ऐकू यायचा. आज पंधरा गळे सुटे सुटे झाले. कॉलनीतल्या हणमंतभाऊजींचा नाकातला सूर त्यांनी लगेच ओळखला. आणि त्याच्यामागे, अर्धी मात्रा उशिरा, एक घोगरा, जीव तोडून गाणारा आवाज. त्यातला प्रत्येक 'स' बारीक शीळ घालत होता.

समोरचा दात तुटल्यापासून अशी शीळ एकाच माणसाची निघायची. गार्डाला वेगळी शिट्टी कशाला, म्हणून अख्खी कॉलनी चिडवायची.

"परत लाव," बाई म्हणाल्या.

तीनदा ऐकलं. शीळ तीनही वेळा आली, बारीक आणि टोकदार. चौथ्यांदा लावायला सुरुची वळली, तेवढ्यात राजरत्नाचा फोन वाजला.

"साहेब निघालेत, आई."

"मग सांग त्यांना, वाटेतूनच वळा." बाईंनी डोळे पुसले नाहीत, पुसण्याजोगं काही आहे असं दाखवलंही नाही. "स्पीकर चोख आहेत, राजरत्ना. तुझे बाबा गायले होते आणि हे स्पीकर खरं बोलतात. टोचणारच. खोट असेल ती तुझ्या कानात. आणि इतकी वर्षं माझ्याही."