पेटीतली कळी

"उमटलं! उमटलं!" करत अख्खं सभागृह उभं राहिलं. पडदे ओढलेल्या त्या अंधाऱ्या हॉलमध्ये टेबलावर एक लाकडी पेटी होती, आणि तिच्या काचेमागे जुन्या वजनकाट्यावर दिसायची तसली तांबडी, काड्याकाड्यांची अक्षरं एकामागून एक पेटत होती. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर थेट काचेलाच डोकं टेकवलं.

"आज परलोकाची रेंज फुल आहे बरं का!" लिपीबाबा गरजले. "आत्म्याला तोंड नाही, बोट नाही, पण कंपन आहे! कंपनातून अक्षर, अक्षरातून उद्धार!"

शेवटच्या रांगेत मास्तरीणबाई दातओठ खात बसली होती. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. असलं काही एखाद्या पोराने पेपरात लिहिलं असतं, तर तिने त्याला सरळ भोपळा दिला असता. पण आज तिला हसू येत नव्हतं. शेजारी तिची वहिनी बसली होती, आणि वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून कळी पडली होती. दादाची एकुलती एक लेक. दादा गेल्या वर्षी गेला.

कळीच्या अंगात इन्शुलिन तयार होत नाही. रोज सुई टोचली तरच पोर धड राहते. आणि काल याच पेटीवर SUI BAND अशी अक्षरं उमटली होती. "तुमचे यजमान म्हणताहेत, सुई बंद करा, मी वरून सांभाळतो," असं बाबांनी सांगितलं, आणि वहिनीने सुई बंद केली! सकाळपासून कळी घटाघटा पाणी पीत होती. आता तर तिचे डोळेही उघडत नव्हते, आणि श्वास धावून आल्यासारखा खोल चालला होता.

"वहिनी, पाया पडते तुझ्या. ऊठ, दवाखान्यात जाऊ."

"वन्सं, सकाळी सांगितलं ना? तुमच्या दादांनी 'दे' म्हटलं, तर इथल्या इथे देते. सुई पर्समध्येच आहे. तोवर मला त्यांच्या शब्दाबाहेर नेऊ नका."

आता काय करायचं हिचं? उचलून न्यावं तर वहिनीने पोरीला घट्ट धरलेलं, आणि भोवती सगळी बाबांची माणसं. बरं, युक्ती काय आहे ते मास्तरीणबाईला ठाऊक होतं. ही काड्यांची पाटी तिने पहिल्याच दिवशी ओळखली होती. त्या काड्यांत इंग्रजी अक्षरं बसतात, मराठी काही केल्या बसत नाहीत. आणि दादा? त्याला इंग्रजी अर्ज भरायचा म्हटलं की घाम फुटायचा. मेल्यावर कुठल्या क्लासला गेला तो?

मग तिने प्रयोगशाळेत बसून तशीच पेटी जुळवली. पोळीच्या तुकड्याएवढा मायक्रोकंट्रोलर, तसलीच तांबडी पाटी, एक रेडिओचा तुकडा, अक्षर निवडायला एक फिरती खुंटी आणि ते धाडायला एक बटण. डाग देताना बोट भाजलं, पण पेटी बोलू लागली. परवा ती पिशवीत घालून इथे आणली, तर बाबांच्या पेटीवर उमटलेलं प्रत्येक अक्षर हिच्या मांडीवरही उमटलं. चपलांपाशी उभा असलेला गोडबोल्या सेवेकरी येणाऱ्यांकडून गप्पांत सगळं काढून घ्यायचा आणि पडद्याआडून अक्षरं धाडायचा. बाजारातून रेडिओ आणल्यावर त्याचा ठरलेला चॅनल बदलायचेही कष्ट या महाभागांनी घेतले नव्हते.

तिने हे वहिनीला सांगून पाहिलं होतं. वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे ते तुमच्याही पेटीतून बोलले? वन्सं, केवढं भाग्य!" मास्तरीणबाईने कपाळावर हात मारला.

कळी कण्हली. मास्तरीणबाईचा जीव टांगणीला लागला. वहिनीला दादाचं 'दे' हवंय ना? मग घे दादाचं 'दे'! खोटं ते खोटंच, पण पोर हातची जात होती. तिने पिशवीत हात घालून खुंटी फिरवली.

टेबलावरच्या पेटीवर अक्षरं पेटली. SUI DE.

वहिनीचा हात पर्सकडे गेला. बाबा क्षणभर चपापले. पडद्याआडच्या सेवेकऱ्याकडे पाहिलं, तर तो 'मी नाही' म्हणून मान हलवतोय. पण बाबाच ते, लगेच सावरले. "सुई दे! देऊन टाक! घरातून काढूनच टाक ती सुई, असं म्हणताहेत यजमान!"

वहिनीने पर्स मिटली.

मास्तरीणबाईच्या पायाखालची जमीन सरकली. अक्षरं कुणाचीही असोत, अर्थ बाबांचाच! खोट्याने खोटं हटणार नव्हतं. तिने पेटी बाहेर काढली आणि वहिनीच्या पदराखाली सरकवली.

"वहिनी, एकच ऐक माझं. ही खुंटी फिरव आणि मनात येईल तो शब्द लिही. मला सांगूसुद्धा नकोस. दाबलंस की टेबलावर बघ. मग तुला हवं ते कर, मी अडवणार नाही."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. खुंटी फिरवली, आणि बटण दाबलं.

टेबलावर अक्षरं उमटली. KALI.

"काळी!" बाबांचा आवाज चढला. "काळी छाया! मंडळी, हा आत्मा घाबरलाय! त्याच्या घरात काळी छाया शिरलीय, आणि ती तिथे बसलीय!" त्यांचं बोट थेट मास्तरीणबाईवर रोखलेलं. सगळ्या माना वळल्या. एकदोघे तर बाह्या सारून पुढे आले.

"कळी," वहिनी म्हणाली.

"काय?"

"काळी नाही, कळी. माझ्या लेकीचं नाव आहे ते, तिच्या बापाने ठेवलेलं. जीव गेला असता तरी त्यांनी तिला काळी म्हटलं नसतं!" तिने पदराखालची पेटी वर धरली. तिच्यावर तीच चार अक्षरं जळत होती. "आणि हे त्यांनी नाही लिहिलं. मी लिहिलंय! आत्ता! या हाताने!"

 सेवेकरी दाराकडे सटकायला निघाला, त्याला दोघांनी धरलं. वहिनीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने भर गर्दीत सुई काढली, कळीला टोचली आणि पोरीला छातीशी धरून दाराकडे धावली. मास्तरीणबाईने जाताजाता पेटी त्या आजोबांच्या हातात दिली. "आजोबा, तुम्हीच लिहून बघा. कुणाच्याही नावाने लिहा. आणि मग बाबांच्या पेटीचं झाकण उघडायला सांगा."

डॉक्टर खूप रागावले, पण म्हणाले, वेळेवर आणलंत. दिवस कलताना कळीने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली. तेव्हा कुठे वहिनीला रडू फुटलं.

"वन्सं, म्हणजे ते एकदाही बोलले नाहीत?"

"नाही गं वहिनी. दादा गेला. बोलायचं ते जिवंतपणीच बोलून गेला. शेवटी तुला काय म्हणाला होता, आठव."

 वहिनी लेकीचा हात हातात घेऊन म्हणाली, "कळीची सुई चुकवू नकोस."

मंडळी, गेलेल्या माणसासाठी खुशाल रडा, त्याची आठवण काढा. पण त्याच्या नावाने कुणी बोलायला लागलं, तर हात जोडायच्या आधी तेच हात पुढे करा आणि पेटीचं झाकण उघडून बघा. आत दादा नसतो. एक रेडिओ असतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो.