बारीक अक्षरांचं नाव

मान जरा वर करा. अजून थोडी. हां, मीच बोलतेय, शिवणकामाच्या दुकानावरची पाटी.

पेंटरने पत्रा घासून मला पांढरा रंग दिला आणि विचारलं, "नाव केवढं काढू?"

मालकीणबाई म्हणाल्या, "बारीकच काढ. 'शिवणकाम' तेवढं मोठं दिसू दे."

त्यांचं नाव वाचलं की हे लोक इथले नव्हेत, हे कुणालाही कळायचं. म्हणून ते माझ्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं.

तरी दिवस मजेत जात होते. गिऱ्हाईक विचारायचं, "परवा नक्की ना?" मालकीणबाई "अगदी नक्की" म्हणायच्या आणि तेरवा द्यायच्या.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं. नवी सून इतकी गप्प, की ती दुकानात आहे हे मशीनच्या आवाजावरूनच कळायचं.

एका सकाळी दुकान उघडायला दोघी आल्या, तर माझ्या तोंडाला काळं फासलेलं. नाव पार बुजवलेलं आणि खाली लिहिलेलं, 'तुमच्या लोकांना घेऊन चालते व्हा.' मालकीणबाईंनी स्टूल ओढलं, रॉकेलचा बोळा घेतला. घाण दिसली की पुसायची, ही त्यांची जन्माची सवय. 'तुमच्या' गेलंसुद्धा.

"आई, पुसू नका!"

बोळा हवेतच राहिला. सुनेचा एवढा मोठा आवाज सासूने पहिल्यांदाच ऐकला होता. बहुधा सुनेनेही.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. पोलिसांनीही बघायला हवं. आता अशा द्वेषाविरुद्ध कायदा झालाय."

"कायदा येऊन रंग काढणारेय का?"

"रंग आपणच काढू. पण नंतर."

सुनेने फोन केला, हवालदार आला. "वात्रट पोरं असतील हो," म्हणाला.

सून म्हणाली, "भाऊ, ओळीत एवढ्या पाट्या आहेत. रंग आमच्याच पाटीवर का?"

त्याने सगळी ओळ पाहिली, मग मला पाहिलं आणि टोपी सरळ केली. नवा कायदा नेमकं हेच विचारतो: याच माणसाला का? तो कोण आहे, कुठला आहे, यावरून त्याला त्रास दिला असेल, तर ती नुसती खोडी राहत नाही. आणि ज्याला त्रास झाला त्याला एकटं सोडायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

फासणारा सापडला. मी पुरावा म्हणून चोरीच्या सायकलींशेजारी पोलिसांच्या कोठीत पडून राहिले. मालकीणबाईंनी मात्र ठरवून टाकलं होतं, "आता बिननावाचीच पाटी लावू. साक्षही नको."

त्या कायद्याने सोबतीला दिलेल्या मदत केंद्रातल्या ताईंनी वाद घातला नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी दोघींना रिकाम्या कोर्टात आणलं. मी तिथेच भिंतीला टेकून होते. "तुम्ही इथे बसायचं, तो तिथे. मी तुमच्या शेजारी. त्याचं तोंड बघायचं नसेल तर मधे हा पडदा लावता येतो."

मालकीणबाईंनी पडदा हातात घेतला, उलटा करून पाहिला. "शिलाई उसवलीय याची." सून खुदकन हसली. आणि मालकीणबाई ताईंनी दाखवलेल्या जागेवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पडदा नको, साहेब. जन्मभर कापडामागे बसून काम केलं. आज समोर बसते." आपलं नाव त्यांनी असं खणखणीत सांगितलं, की माझा पत्रा वाजला. फासणाऱ्याला शिक्षा झाली.

मी घरी आले. पुन्हा तोच पेंटर, तोच प्रश्न. "नाव केवढं काढू?"

मालकीणबाई म्हणाल्या, "शिवणकामाएवढं."

"मग जागा पुरणार नाही, काकू."

आतून मशीन थांबलं. सून म्हणाली, "मग शिवणकाम बारीक काढा."

आता ते नाव पलीकडच्या फुटपाथवरूनही वाचता येतं. एवढंच मागते: कुणाच्या पाटीवर असं काही दिसलं, तर बोळा शोधू नका, आधी त्या माणसाशेजारी येऊन उभे राहा. आणि आमच्याकडे कपडे टाकले असतील, तर तेरवा या.