मामा आणि कॅपिटल कोट

लाँड्रीच्या काउंटरवर आज मामाची परीक्षा होती. उभ्याने इस्त्री करून करून त्याची कंबर कामातून गेली होती. बसून करायचं काम तिथे एकच, काउंटरचं. लाँड्री त्याच्या बहिणीची, म्हणजे भाचीच्या आईची. तिने सांगून टाकलं होतं, "पोरीने बनवलेला संगणकाचा प्रोग्रॅम दादाला चालवता आला तर खुर्ची त्याची. नाहीतर कंबरपट्टा बांधून पुन्हा इस्त्रीपुढे." आई सख्ख्या भावालाही सूट देणाऱ्यांतली नव्हती.

भाची मात्र निर्धास्त होती. प्रोग्रॅम आयुष्यातला पहिलाच, पण तिने तो स्वतः कितीदा तरी चालवून पाहिला होता. कपड्याचं नाव इंग्रजीत टाइप केलं, की तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते पडद्यावर येई.

एक बाई कोट घेऊन आल्या. मामाने बाह्या सरसावल्या आणि एका बोटाने 'कोट' टाइप केलं. पडद्यावर उमटलं, 'असा कपडा नाही.'

"नाही कसा? हा काय माझ्या हातात लटकतोय!"

त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. आईने इस्त्रीकडे पाहिलं, तसा मामाचा चेहरा उतरला. भाची वाकून बघते तर सगळी अक्षरं कॅपिटल!

"मामा, कॅपिटल कशाला?"

"जन्मभर कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर तसंच लिहीत आलोय. बारीक अक्षरांची शाई पसरते. आणि तुझ्या या बटणांवर तरी काय छापलंय गं?"

भाचीच्या प्रोग्रॅममधल्या यादीतला कोट स्मॉल अक्षरांत होता आणि संगणकाच्या लेखी मामाचा कोट परका.

"दादा, बारीक लिहायला शीक," आई म्हणाली.

"तो कशाला शिकेल? प्रोग्रॅम शिकेल," भाची ठणकावून म्हणाली. "बाई, दोन मिनिटं हं."

तिने एकच ओळ घातली. कुणी कसंही टाइप करो, आधी सगळी अक्षरं स्मॉल करायची आणि मगच यादीत शोधायचं.

मामाने पुन्हा कोट टाइप केला, कॅपिटलमध्येच. 'वरचा कप्पा,' पडदा म्हणाला. बाईही हसल्या. भाचीला इतका आनंद झाला, की तिने मामाच्या पाठीत धपकाच घातला.

"अगं, कंबर!" मामा ओरडला.

आईने खुंटीवरचा कंबरपट्टा काढला, गुंडाळून खणात टाकला आणि विचारलं, "दादा, इस्त्रीला तुझ्या ओळखीचं कुणी आहे का रे?"

मामाला ऐकायला सवड नव्हती. तो पुढच्या गिऱ्हाइकाचा शर्ट टाइप करत होता.